राजधानीतील बाबासाहेब : धर्म, परसत्ता आणि कायदा

दिल्लीच्या सिव्हिल लाइन्स भागात, अलीपूर रोडवर, २६ क्रमांकाची एक वास्तू आहे. राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी आयुष्याची अखेरची सुमारे पाच वर्षे याच पत्त्यावर काढली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी येथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आज त्या जागी त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. बाबासाहेबांचे नाव उच्चारताच मराठी मनाला महाडचे चवदार तळे आठवते, नाशिकचे काळाराम मंदिर आठवते, येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षाभूमी आठवते. मात्र १९४२ पासून मृत्यूपर्यंतच्या चौदा वर्षांत त्यांच्या कार्याचे मुख्य केंद्र राजधानी दिल्ली हेच होते. धर्म, परकीय राजवटीने मागे ठेवलेली कायद्याची व्यवस्था आणि नव्याने घडू पाहणारे लोकशाही राजकारण यांची गाठ ज्या प्रश्नांत पडली होती, त्या प्रश्नांना ते याच नगरीत भिडले. त्यांतील सर्वांत मोठा लढा हिंदू संहिता विधेयकाचा होता. तो समजून घेण्यासाठी त्यांच्या पूर्वायुष्याकडे पाहणे अगत्याचे ठरते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले होते. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार समाजातील पुरुषांना प्रवेश होता आणि त्यामुळे काही कुटुंबांपर्यंत अक्षरओळख पोहोचली होती. पुढे इंग्रज सरकारने लढवय्या आणि बिगरलढवय्या जातींचा सिद्धान्त स्वीकारला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. जे दार राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी उघडले होते, ते त्यांनी आपल्याच सोयीसाठी लावून घेतले. परकीय सत्तेच्या उपकारांना किती मोल द्यावे, याचा हा धडा बाबासाहेबांना घरातच मिळाला. सातारा, मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिक्षण घेऊन बॅरिस्टर झालेल्या या विद्वानाने इंग्रजी राज्याच्या अर्थकारणावर कठोर टीका करणारे प्रबंध लिहिले. पण परकीय राज्य गेले म्हणजे अस्पृश्याची बेडी आपोआप तुटेल, हे त्यांनी कधीही मान्य केले नाही.

या भूमिकेमागे इतिहासाची खोल जाण होती. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये न्यायदानाची योजना आखली, तेव्हा विवाह, वारसा, जात आणि धार्मिक आचार यांबाबत हिंदूंना शास्त्रांप्रमाणे व मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा, असे ठरले. धर्मात हस्तक्षेप करायचा नाही, असे या धोरणाचे बाह्य रूप होते. प्रत्यक्षात मात्र कोणता ग्रंथ प्रमाण मानायचा, त्याचा अर्थ कोणी लावायचा आणि कोणता निर्णय पुढच्या खटल्यांना बांधील ठरवायचा, हे सारे सरकारी न्यायालयेच ठरवू लागली. विल्यम जोन्सने मनुस्मृतीचे भाषांतर केले. कोलब्रुकने १८१० मध्ये मिताक्षरा व दायभाग यांचे वारसाविषयक भाग इंग्रजीत आणले. गावोगाव, जातोजात वेगळ्या असलेल्या रूढींच्या जागी मोजक्या संस्कृत ग्रंथांचा अंमल हळूहळू दृढ झाला. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात रूढींना थोडे अधिक स्थान मिळाले. आर्थर स्टीलने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा संग्रह १८२७ मध्ये सिद्ध केला. परंतु जी रूढी एकदा सरकारी पुस्तकात शिरली, ती बदलण्याचे समाजाचे स्वातंत्र्य उणावले. पूर्वी प्रवाही असलेले असे पुष्कळ काही या रीतीने गोठून गेले आणि त्यावर धर्माचा शिक्का बसला.

बाबासाहेबांच्या आरंभीच्या लढ्यांत याचा प्रत्यय पदोपदी येतो. महारकी वतनाचे उदाहरण घ्यावे. गावाची आणि सरकारची अनेक कामे अल्प मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या करण्याचे ते बंधन परंपरेतून आले होते, हे खरे. तथापि १८७४ च्या वंशपरंपरागत वतनाच्या कायद्याने त्याला सरकारी मान्यता लाभली होती. या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. महाडच्या चवदार तळ्याचेही तसेच झाले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव कायदेमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह होणार, तोच प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. अस्पृश्यांचा हक्क मान्य करणारा उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले. ठराव सरकारचा, न्यायालय सरकारचे आणि रूढी मात्र जशीच्या तशी, या विसंगतीची दहा वर्षे बाबासाहेबांनी सोसली.

दुसरा धागा शिरगणतीचा होता. दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेने प्रत्येक माणसाला धर्माच्या व जातीच्या रकान्यात बसवले. १९०६ मध्ये आगाखान यांच्या नेतृत्वाखालील मुस्लिम शिष्टमंडळाने व्हाइसरॉय मिंटो यांची भेट घेतली आणि १९०९ च्या सुधारणांत मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्यानंतर धर्माच्या रकान्यातील संख्या ही राजकीय शक्ती झाली. अस्पृश्यांना हिंदू म्हणून मोजावे की वेगळे, हा प्रश्न अचानक महत्त्वाचा ठरला. ज्यांना देवळाच्या पायरीशी उभे राहण्याची मुभा नव्हती, त्यांची डोकी मोजताना मात्र ती सर्वांना आपल्या बाजूला हवी होती. बाबासाहेबांनी पुढे आपल्या ग्रंथांतून या प्रकाराची सविस्तर चिकित्सा केली.

गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र राजकीय संरक्षणाची मागणी केली आणि ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाड्याने ती बऱ्याच अंशी मान्य केली. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभले. गांधींच्या दृष्टीने तो हिंदू समाज दुभंगण्याचा प्रश्न होता. बाबासाहेबांच्या दृष्टीने तो आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याच्या अधिकाराचा प्रश्न होता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, परंतु अंतिम मतदान संयुक्त मतदारसंघातून व्हावयाचे ठरले. एका महात्म्याचे प्राण आणि कोट्यवधींचा राजकीय हक्क यांमध्ये निवड करण्याची पाळी आलेल्या नेत्याची मनःस्थिती काय असेल, याची कल्पनाच करावी. या कराराविषयीची खंत बाबासाहेबांच्या मनातून पुढेही गेली नाही. तीन वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवले येथे त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ते दिल्लीत पृथ्वीराज रोडवरील सरकारी निवासस्थानी राहू लागले. काही आठवड्यांतच छोडो भारत आंदोलन पेटले. देशातील नेते तुरुंगात आणि बाबासाहेब सरकारच्या मंडळात, हे दृश्य अनेकांना खटकले आणि त्यांच्यावर कठोर टीका झाली. सत्तेच्या जागी बसल्यावाचून आपल्या लोकांसाठी काही करता येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या कारकिर्दीत कामगार, मालक व सरकार यांच्या त्रिपक्षीय परिषदा भरल्या, आठवड्याला ४८ तास कामाचे तत्त्व कारखाना कायद्यात आले, सेवायोजन कार्यालये निघाली आणि १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. मात्र १९४६ मध्ये सत्तांतराची बोलणी करण्यासाठी ब्रिटिश मंत्र्यांचे त्रिमंत्री मंडळ दिल्लीत आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे मांडलेल्या मागण्यांना योजनेत स्थान मिळाले नाही. इंग्रजांना वाटाघाटीसाठी जे पक्ष हवे होते, त्यांत अस्पृश्यांचा पक्ष नव्हता. परकीय सत्तेवर विसंबण्याची मर्यादा पुन्हा एकदा स्पष्ट झाली.

घटना परिषदेत त्यांचा प्रवेशही सहज झाला नाही. मुंबईतून निवडून येणे शक्य नसल्याने जोगेंद्रनाथ मंडल आदींच्या पाठिंब्यावर ते बंगालमधून निवडले गेले. फाळणीमुळे ती जागा गेली. तोवर त्यांच्या विद्वत्तेची आणि संयमाची ओळख सभागृहाला पटली होती. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने मोकळ्या झालेल्या मुंबईच्या जागेवर काँग्रेसने त्यांना निवडून आणले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते स्वतंत्र भारताचे पहिले विधिमंत्री झाले आणि त्याच महिन्यात मसुदा समितीचे अध्यक्षही. त्यांचे निवासस्थान १, हार्डिंज अ‍ॅव्हेन्यू येथे होते. व्हाइसरॉयचे नाव मिरवणारा तो रस्ता आज टिळक मार्ग म्हणून ओळखला जातो. याच घरी १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. भिन्न जातींच्या हिंदूंना धर्म न नाकारता असा विवाह करता येऊ लागला, तो १९२३ च्या कायद्याने. आणि त्या कायद्याचे प्रवर्तक हरिसिंग गौर हे दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते.

घटनेच्या चर्चेत समान नागरी कायद्याविषयीचे कलम २३ नोव्हेंबर १९४८ रोजी आले. व्यक्तिगत कायदा हा धर्माचा अविभाज्य भाग असल्याने त्याला हात लावू नये, असे काही मुस्लिम सभासदांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी त्यांना इतिहासाचा दाखला दिला. वायव्य सरहद्द प्रांतातील मुसलमानांना १९३५ पर्यंत वारसा आदी बाबतींत हिंदू कायदा लागू होता. मुंबई, मध्य प्रांत व संयुक्त प्रांतातील अनेक मुसलमानांचीही १९३७ पर्यंत हीच स्थिती होती. उत्तर मलबारात तर हिंदू व मुसलमान दोघेही मातृवंशीय मरुमक्कत्तायम पद्धतीने वागत होते, हे त्यांनी दाखवून दिले. अनादि म्हणून सांगितला जाणारा कायदा प्रत्यक्षात अलीकडच्या विधिमंडळांनी आखलेला आहे, हे त्यातून सिद्ध होत होते. त्याचबरोबर भावी संसदेने असा कायदा प्रथम स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांपुरता ठेवावा, हा मार्गही त्यांनी सुचवला. बहुमताच्या बळावर कोणावर काही लादण्याचा त्यांचा आग्रह नव्हता.

हाच विवेक त्यांनी हिंदू समाजापुढेही ठेवला, आणि तेथे त्यांची खरी कसोटी लागली. हिंदू कायद्याच्या सुधारणेचा आरंभ त्यांच्या आधीच झाला होता. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये विधवांना पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क देणारा कायदा मध्यवर्ती कायदेमंडळात संमत झाला. त्यातील अडचणी दूर करण्यासाठी १९४१ मध्ये बेनेगल नरसिंग राव यांची समिती नेमली गेली. १९४४ मध्ये पुनर्घटित झालेल्या या समितीवर पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हेही होते. देशभर साक्षी घेऊन समितीने संहितेचा मसुदा तयार केला. विधिमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी तो हाती घेतला आणि निवड समितीमार्फत अधिक धारदार केला. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देण्याची मूळ तरतूद होती. आता तो समान झाला. स्त्रीची मर्यादित मालकी जाऊन पूर्ण मालकी येणार होती, एकपत्नीत्व सक्तीचे होणार होते, घटस्फोटाला मार्ग मिळणार होता, आणि विवाह व दत्तक यांतील जातीची अट नाहीशी होणार होती. बाबासाहेबांच्या मते जातिसंस्था टिकते ती स्त्रीच्या विवाहावरील नियंत्रणामुळे. विद्यार्थिदशेत कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेल्या निबंधातच त्यांनी हा सिद्धान्त मांडला होता. म्हणून ही संहिता त्यांना राज्यघटनेइतकीच महत्त्वाची वाटत होती.

विरोध प्रखर झाला. दिल्लीच्या रामलीला मैदानावर सभा भरल्या, संसदेवर मोर्चे निघाले, विधिमंत्र्यांच्या प्रतिमांचे दहन झाले. धर्मशास्त्राला हात घालण्याचा अधिकार अस्पृश्य जातीत जन्मलेल्या माणसाला कसा, हा सवालही उघडपणे विचारला गेला. बाबासाहेब स्मृतिग्रंथांचे आधार देऊन उत्तर देत. अनेक सुधारणांना जुन्या शास्त्रकारांचा पाठिंबा असल्याचे दाखवीत. सभागृहात दुर्गाबाई, हंसा मेहता, रेणुका राय यांच्यासारख्या सभासदांनी सुधारणेची बाजू घेतली. विरोधकांचे सर्वच आक्षेप सनातनी होते, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रौढ मतदानाने न निवडलेल्या संसदेने इतका मूलभूत बदल करावा काय, आणि केवळ हिंदूंसाठीच का, हे प्रश्न गंभीर होते, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांचाही पहिल्या मुद्द्यावर आग्रह होता. पण ज्या व्यवस्थेला धर्माचा अविचल नियम म्हणून वाचवायचे होते, तिची घडण मोठ्या प्रमाणावर परकीय न्यायालयांतच झाली होती, या गोष्टीकडे फारसे कोणी पाहिले नाही.

सप्टेंबर १९५१ मध्ये संहितेचा केवळ विवाह व घटस्फोटाचा भाग चर्चेला घेण्यात आला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती आणि सत्ताधारी पक्षातच एकमत नव्हते. दिवसांमागून दिवस भाषणे लांबली, अवघी चार कलमे संमत झाली आणि मग विधेयक बाजूला ठेवले गेले. पंतप्रधान नेहरू स्वतः सुधारणेच्या बाजूचे होते, तरी पक्षाला आदेश देण्याची वेळ त्यांना योग्य वाटली नाही. प्रकृती ढासळत असतानाही चार वर्षे हे काम उरावर घेतलेल्या बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर रोजी राजीनामा दिला. अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण आदी इतरही कारणे त्यांनी नमूद केली. पण संहितेचा शेवट हा त्यांच्या जिव्हारी लागलेला घाव होता. ११ ऑक्टोबर रोजी आपले निवेदन ठरल्या वेळी करू न दिल्यामुळे ते सभागृह सोडून निघाले आणि अलीपूर रोडवरील घरी राहावयास गेले.

पुढे १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून त्यांना पराभव पत्करावा लागला. राज्यसभेचे सभासदत्व मात्र राहिले. निवडणुकीनंतरच्या संसदेने संहितेचे तुकडे करून १९५५ व १९५६ मध्ये विवाह, वारसा, अज्ञान व पालकत्व आणि दत्तक व पोटगी असे चार कायदे संमत केले. एकपत्नीत्व आले, घटस्फोट आला, स्त्रीला मिळकतीची पूर्ण मालकी मिळाली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध समान हक्क देणारी देशव्यापी दुरुस्ती येण्यास मात्र २००५ साल उजाडले. विरोधी बाकांवरून बाबासाहेबांनी यांतील बहुतेक कायदे होताना पाहिले. त्यांचे श्रेय त्यांच्या वाट्याला त्या वेळी फारसे आले नाही.

अलीपूर रोडच्या घरात ग्रंथांनी भरलेल्या खोल्यांत त्यांचे अखेरचे लेखन चालू होते. मधुमेह व संधिवात यांनी शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावत होती; तरी बुद्ध आणि त्यांचा धम्म यांवरील ग्रंथ त्यांनी तडीस नेला. बदल कायद्याने करता येतो, पण माणसांची मने जागी झाल्यावाचून तो टिकत नाही, या निष्कर्षाला ते पोहोचले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. या निर्णयाची किंमत त्यांना ठाऊक होती. १९३६ च्या इंग्रजी आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींतून वगळले होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानेही या सवलती प्रामुख्याने हिंदू धर्माशी जोडल्या. म्हणजे ज्या धर्माने अस्पृश्य ठरवले, तो सोडला की संरक्षणही जात होते. तरीही बाबासाहेबांनी धर्मांतर केले आणि त्यांच्या अनुयायांनीही केले. बौद्धांना केंद्राच्या यादीत स्थान मिळाले ते १९९० मध्ये, चौतीस वर्षांनंतर.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री ते आपल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेच्या कागदांवर काम करीत होते. सकाळी ते उठले नाहीत. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईस नेण्यात आले आणि ७ डिसेंबर रोजी दादरच्या समुद्रकिनारी लाखोंच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

धर्म, कायदा आणि राज्यसत्ता यांचे प्रश्न आजही आपल्यापुढे नव्या रूपाने उभे राहतात, आणि अशा वेळी परंपरा व सुधारणा असे दोनच पक्ष समोर दिसतात. बाबासाहेबांच्या दिल्लीतील वर्षांकडे पाहताना ध्यानात येते की ते दर वेळी आधी एक साधा प्रश्न विचारीत : जिला आपण परंपरा म्हणतो ती कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीसाठी लिहून ठेवली? उत्तर ग्रंथांत शोधण्यासाठी त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, आणि जे सापडले ते हिंदूंना, मुसलमानांना, इंग्रजांना व स्वकीय मंत्रिमंडळालाही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. राजधानीत वाढणाऱ्या मराठी मुलांना अलीपूर रोडचे ते स्मारक शाळेच्या सहलीतून सहज पाहता येण्याजोगे आहे. तेथे जाताना चवदार तळ्याबरोबर हिंदू संहितेचीही आठवण ठेवावी. कारण तिच्यासाठी एका मराठी विधिमंत्र्याने आपले पद सोडले, आणि तिने देऊ केलेले हक्क आज या देशातील कोट्यवधी मुलींच्या नावावर आहेत.